गुळाच्या पाण्यातली अळंबी

माणसानं पंचेचाळिशीनंतर नवीन काही करू नये, असं माझ्या पत्नीचं, म्हणजे कमलचं, मत आहे. माझंही आता तेच मत आहे. फरक एवढाच, की तिचं आधीपासून होतं आणि माझं पोलीस ठाण्यात जाऊन आल्यावर झालं.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं, येलदरीच्या धरणापासून फार लांब नाही. तालुक्याच्या गावी विज्ञानाच्या मास्तराला एक वेगळा मान असतो. लोक त्याला फ्यूज उडाला तरी बोलावतात आणि म्हशीनं दूध चोरलं तरी विचारतात. असा मान वर्षानुवर्षं मिळाला, की आपल्याला खरंच सगळं कळतं असा एक समज हळूहळू अंगात भिनतो. माझ्याही भिनला होता.

त्र्याण्णव सालच्या पावसाळ्यानंतर परभणीला आम्हा मास्तरांसाठी एक व्याख्यान झालं. बोलायला पंडितसर होते. या गृहस्थांनी नोकरीची सगळी वर्षं ज्वारीवरच्या रोगांशी भांडण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर ते बुरशीच्याच प्रेमात पडले. त्यांनी सांगितलं, की चीन-जपानकडे लाकडावर उगवणारी, वार्निश दिल्यासारखी चकाकणारी एक तांबडी अळंबी औषध म्हणून वापरतात. तिच्यासाठी शेत लागत नाही, लाकूडही लागत नाही. बाटलीतल्या गोड पाण्यात तिचे पांढरे धागे वाढवता येतात. त्या धाग्यांत आणि पाण्यात शरीराला उपयोगी अशी द्रव्यं उतरतात आणि त्यावर ठिकठिकाणी संशोधन चालू आहे.

व्याख्यान संपल्यावर बाकीचे मास्तर चहाकडे गेले आणि मी पंडितसरांकडे गेलो. मी चार प्रश्न विचारले म्हणून ते खूश झाले आणि त्यांनी मला एक काचेची नळी दिली. आत सायीसारखा पांढरा थर होता.

"वाढवून बघा," ते म्हणाले. "मुलांना दाखवायला फार छान आहे. पण तपासून घेतल्याशिवाय कोणाला पाजू नका."

हे शेवटचं वाक्य ते चष्मा पुसत म्हणाले. चष्मा पुसता पुसता म्हटलेलं वाक्य फारसं महत्त्वाचं नसतं, अशी माझी त्या वेळी समजूत होती.

घरी आल्यावर पहिला प्रश्न खाद्याचा निघाला. सरांनी बटाट्याचं पाणी आणि ग्लुकोज सांगितलं होतं. बटाटे घरात होते, ग्लुकोज नव्हतं. आमचे घरमालक ईश्वरअप्पा खाली राहत आणि मोंढ्यात त्यांची गुळाची आडत होती. अप्पा म्हणजे गळ्यात लिंग, कपाळाला भस्म आणि बोलण्यात गूळ असा माणूस. मठाच्या कमिटीचे ते अध्यक्ष होते आणि दारूबंदीवर दर वर्षी मठात भाषण करत. मी गूळ मागितल्यावर त्यांनी अख्खी भेलीच पाठवली आणि मागोमाग स्वतः माडीवर आले.

"सर, एक विचारू का? हे शाकाहारी हाय का मांसाहारी?"

मी त्यांना समजावून सांगितलं, की बुरशी ही वनस्पतीही नाही आणि प्राणीही नाही.

"झाड न्हाई, जनावर न्हाई? मग देवानं ह्येला कशात धरलंय?" अप्पांनी बराच वेळ बाटलीकडं पाहिलं. "ते खातं काय?"

"गूळ आणि बटाटा."

"मग शाकाहारीच हाय," असा निकाल देऊन अप्पा समाधानानं खाली गेले.

बाटल्या मी सलाईनच्या मिळवल्या. दवाखान्याच्या मागं त्यांचा ढीगच असे. बुचाऐवजी तोंडाला कापसाचे घट्ट बोळे लावायचे होते, कारण बुरशीला हवा लागते आणि हवेतले जंतू मात्र आत जाऊ द्यायचे नसतात. कापसाला आमच्या जिल्ह्यात काय तोटा! मग बाटल्या वाफेवर शिजवून निर्जंतुक करायच्या होत्या. त्यासाठी कुकर लागणार होता, आणि कुकर कमलच्या ताब्यात होता.

"किती वेळ?" तिनं विचारलं.

"बराच वेळ. आतला जंतू न् जंतू मेला पाहिजे."

"वरणाची डाळ लावायचीय मला. दोन शिट्ट्या झाल्या की मी उतरवणार. जंतूंना शिट्ट्या मोजता येतात होय?"

या प्रश्नाला विज्ञानात उत्तर आहे, पण घरात नाही. दोन शिट्ट्यांवर भागवलं. बाटल्या निवल्यावर देवाचं नाव घेऊन प्रत्येकीत नळीतला थोडा थोडा पांढरा थर सोडला आणि आमचा प्रकल्प सुरू झाला.

आता या बाटल्या सारख्या हलत्या ठेवायच्या होत्या. प्रयोगशाळेत त्यासाठी यंत्र असतं. आमच्याकडे माळ्यावर मुलाचा पाळणा होता. मुलगा आता नांदेडला कॉलेजात होता, त्यामुळे त्याची हरकत येण्याचा प्रश्न नव्हता. मी पाळणा उतरवला, कडीला टांगला, दुपट्यावर बाटल्या आडव्या निजवल्या आणि दोरी कमलच्या पायाच्या अंगठ्याला बांधून दिली. ती गहू निवडता निवडता पाळणा हलवू लागली. पाळण्याची कडी गंजलेली होती. तिचा कुरकुर आवाज खालच्या मजल्यापर्यंत आणि शेजारी दत्तरावांच्या ओट्यापर्यंत जात होता, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

दत्तराव एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते. जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना कळवूनच घडली पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. एक दिवस शाळेत निघालो तर त्यांनी मला फाटकात गाठलं, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "दिनकरराव, अभिनंदन. पण जरा सांगायचं तरी! या वयात म्हणजे मोठंच धाडस आहे."

मला वाटलं, माझ्या संशोधनाची बातमी फुटली. मी नम्रपणे म्हणालो, "प्रयत्न करतोय. बघू किती येतात."

"किती?" दत्तरावांनी हात सोडला.

त्याच दुपारी अप्पांच्या पत्नी गंगम्मा माडीवर आल्या. गंगम्मांचे गुडघे गेली काही वर्षं इतके धरले होते, की त्या खालच्या अंगणातून ओट्यावर चढायलाही भिंतीचा आधार घेत. त्या बाई आमचा दगडी जिना एकेक पायरी बसत-उठत चढल्या. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा होता आणि डब्यावर लहानसं टोपडं. मी नेमका मधल्या सुट्टीत घरी आलो होतो.

"कमल, मला परक्याकडून कळावं का गं?" असं म्हणत त्या पाळण्यापाशी गेल्या आणि त्यांनी दुपटं बाजूला केलं. आत सलाईनच्या बाटल्या एकमेकींना टेकून झोपल्या होत्या.

कमलच्या पायाला दोरी तशीच होती.

"हे काय वं?" गंगम्मा म्हणाल्या. "कुणाला जोजवायलीस?"

"अळंबीला," कमल म्हणाली आणि तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. हसतेय की रडतेय ते मला तिच्या पाठीवरून कळलं नाही. आत जाऊन पाहिलं, तर रडत होती. "साऱ्या गल्लीत माझं हसं केलंत," एवढंच म्हणाली. पाळणा त्याच दुपारी माळ्यावर गेला.

मी बाहेर आलो तर गंगम्मा जिन्याच्या वरच्या पायरीवर गुडघे चोळत बसल्या होत्या. उतरायचं कसं, या विचारात होत्या. त्यांचं ते चोळणं आणि ते टोपडं पाहून मला इतकं ओशाळवाणं झालं, की काहीतरी बोलून या प्रकाराला थोडी प्रतिष्ठा द्यावी असं वाटलं.

"आक्का, हसण्यावारी नेऊ नका. हे मोठं औषध आहे. जपानात पितात."

"गुडघ्याला चालंल का?"

पंडितसरांचं वाक्य त्या क्षणी मला आठवायला हवं होतं. आठवलं नाही असंही नाही. पण तालुक्याच्या गावातल्या विज्ञानाच्या मास्तराला 'मला माहीत नाही' हे वाक्य येत नसतं.

"चालेल," मी म्हणालो.

बाटल्यांत एव्हाना भरपूर हालचाल दिसत होती. पाणी गढुळलं होतं, बुडबुडे वर येत होते, वर फेस धरला होता. अळंबी श्वास घेते आहे, असा मी त्याचा अर्थ लावला होता. एक बाटली फडक्यातून गाळून मी त्यांना फुलपात्रभर पाणी दिलं. त्या ते डोळे मिटून प्यायल्या. "आंबट-गोड हाय," म्हणाल्या, "पर घशाखाली ऊन ऊन लागतंय. औषधच हाय हे."

चार-सहा दिवसांत गंगम्मा भिंतीला न धरता ओट्यावर चढू लागल्या. दवाखान्यातल्या गोळ्या त्यांनी बंद केल्या. त्यांना शांत झोप लागू लागली. सकाळची लिंगपूजा झाली की तीर्थासारखं त्या ते पाणी घेत आणि मग दिवसभर माहेरची कानडी गाणी मोकळ्या आवाजात म्हणत. एकदा तर अंगणात त्या एकट्याच बराच वेळ हसत बसल्या होत्या. अप्पांचे डोळे भरून आले. "सर, लग्न झाल्यापासून हिला इतकी खूश मी बगितली न्हाई. तुमी देवमाणूस हाव."

अप्पांनी ही बातमी मोंढ्यात सांगितली. मोंढ्यातल्या हमालांना पाठदुखी किती असते, हे मला तेव्हा कळलं. सकाळी येत, संध्याकाळी पुन्हा येत आणि मात्रा थोडी वाढवायला सांगत. मी कोणाकडून काही घेत नव्हतो. घ्यायचा होता तो फक्त मान, आणि तो भरपूर मिळत होता.

"परवाना?" दत्तरावांनी एक दिवस विचारलं. बाळ नसून बाटल्या आहेत हे कळल्यापासून ते माझ्यावर थोडे नाराज होते. "उद्या कोणी तक्रार केली तर?"

म्हणून मी परवान्याच्या मागं लागलो. एका कचेरीत विचारलं, तर तिथले साहेब म्हणाले, पीक असेल तर सातबारावर दाखवा. मी म्हणालो, जमिनीत नाही, बाटलीत आहे. मग ते पीक नाही, म्हणाले. दुसऱ्या कचेरीत म्हणाले, बाटलीत असेल तर औषध, आणि औषध असेल तर आधी रोगाचं नाव सांगा. मी सांगितलं, गुडघे आणि पाठ. ते म्हणाले, हे अवयव झाले. तिसऱ्या ठिकाणच्या गृहस्थांनी 'गूळ' आणि 'बाटली' हे दोन शब्द ऐकल्यावर पेन खाली ठेवलं आणि मला जरा निरखून पाहिलं. त्यांनी मला ओळखलं होतं आणि मी स्वतःला ओळखलं नव्हतं, असं आता वाटतं. त्या वेळी मात्र मी सरकारी अडाणीपणावर चडफडत घरी आलो.

पाळणा गेल्यावर बाटल्या हलवायचा प्रश्न उरलाच होता. तो मी सायकलवर सोडवला. हँडलला दोन पिशव्या लावायच्या, त्यांत बाटल्या उभ्या करायच्या आणि शाळेत न्यायच्या-आणायच्या. आमच्या मेन रोडच्या खड्ड्यांनी इतकी उत्तम घुसळण होई, की कुठल्याही प्रयोगशाळेनं हेवा करावा. कापसाचे बोळे आतून ओले होत, पण मी त्याची फिकीर केली नाही.

जानेवारी उजाडला. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न माझा मुलगा बोलायला लागायच्या आधीपासूनचा. त्यापायी या जिल्ह्यानं काय काय पाहिलं होतं, ते सगळ्यांच्या मनात होतं. आता निर्णय होणार अशी हवा होती. गावोगाव बंदोबस्त लागला होता आणि आमच्या चौकातही बाहेरून आलेले पोलीस उभे होते. हे सगळं मला ठाऊक होतं. वर्गात मी मुलांना शांतता राखायला सांगितलं होतं. पण काचेच्या बाटल्या, आत पिवळट द्रव आणि तोंडात कापसाचा बोळा, या गोष्टी एकत्र कशा दिसतात, हे विज्ञानाच्या मास्तराच्या डोक्यात आलं नाही.

पोलिसाच्या आलं. त्यानं पिशवीत डोकावून पाहिलं आणि असा ओरडला, की मी दचकून दोन्ही हात वर केले. हात वर केल्यावर सायकल उभी राहत नाही. ती पडली. एक बाटली फुटली, फेस रस्त्यावर फुसफुसत पसरला, आणि काठ्या घेतलेले पाच-सहा जवान पानपट्टीच्या मागं आडवे झाले. मीही आडवा झालो, कारण सगळे झाले होते.

नंतर मला बाजारातून चालत ठाण्यात नेलं. पुढं दोन पोलीस पिशव्या लांब धरून, मध्ये मी, मागं दोन पोलीस. शाळेची वेळ होती. आठवीची मुलं दोन्ही बाजूंनी उभी होती. "सर, आज आपला तास न्हाई का?" एकानं विचारलं. मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही.

ठाण्यातले इन्स्पेक्टर शांत गृहस्थ होते. त्यांनी बोळा काढून वास घेतला. "पेट्रोल तर नाही. काय आहे हे?"

"औषधी अळंबीचं द्रवसंवर्धन."

"मराठीत सांगा."

"हे मराठीच आहे, साहेब."

तेवढ्यात दत्तराव, अप्पा आणि गंगम्मा धावत आले. दत्तरावांनी परवान्याबद्दल मला आपण आधीच सावध केलं होतं, हे प्रथम नोंदवलं. अप्पा हात जोडून म्हणाले, "साहेब, ह्ये औषध हाय. आमच्या घरात रोज घेतेत."

"औषध आहे ना?" इन्स्पेक्टरांनी ग्लासात थोडं ओतलं आणि माझ्यापुढं ठेवलं. "मग घ्या सर. पिऊन दाखवा. विषय संपला."

मी ग्लासाकडं पाहिलं. गढूळ, पिवळट पाणी. वर पांढरी लक्तरं तरंगत होती. आणि उभं राहिल्या जागी माझ्या ध्यानात आलं, की हे मी आजवर एकदाही चाखलं नव्हतं. पहिल्या दिवशी वास आला होता तेव्हाच मनानं ठरवून टाकलं होतं, की आपल्याला कुठं काही दुखतंय?

"माझं आत्ताच जेवण झालंय," मी म्हणालो.

"औषध जेवणानंतरच घेतात."

"नाही, म्हणजे मला पित्ताचा त्रास आहे..."

तेवढ्यात गंगम्मा पुढं आल्या, त्यांनी ग्लास उचलला आणि एका दमात रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं.

"मी रोज पेते, साहेब. सकाळी पेते, संध्याकाळी पेते. ह्या मास्तरांवर इश्वास नसता तर पेले असते का? गरीब माणसाला कामून तकलीफ देयलाव?"

इन्स्पेक्टर त्यांच्याकडं पाहत नव्हते. माझ्याकडं पाहत होते. "या बाई पितात सर," ते हळूच म्हणाले. "तुम्ही का नाही पीत?"

मी गंगम्मांच्या हातातला रिकामा ग्लास घेऊन टेबलावर ठेवला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. बंदोबस्त संपेपर्यंत बाटल्या रस्त्यावर आणू नका आणि हे एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या, एवढं सांगून त्यांनी मला सोडलं. अप्पांनी ठाण्याच्या दारात माझ्या पाठीवर हात ठेवला. गंगम्मा पुढं चालत होत्या आणि काहीतरी गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवशी एक बाटली टॉवेलात गुंडाळून मी परभणी गाठली. पंडितसरांनी एक थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग बोळा दाबून पाहिला.

"हा ओला कसा?"

मी सायकलचं सांगितलं.

"ओल्या कापसातून सगळं आत जातं. वाफ किती दिली होती?"

मी शिट्ट्यांचं सांगितलं.

"यात तुमची अळंबी नाही, सर. असलीच तर पहिल्या आठवड्यात मेली. हे सगळं यीस्ट आहे. गूळ खातंय आणि बुडबुडे सोडतंय." ते सरळ बसले. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता. "कोणाला पाजलं नाही ना?"

"म्हणजे ही...?"

"सौम्य आहे. नशीब चांगलं, की आणखी काही भलतं वाढलं नाही. पण म्हणायचं झालं तर दारूच."

परतीच्या एसटीत मला बसायला जागा मिळाली होती, ती मी एका म्हातारबाला दिली. त्यामागं काही चांगुलपणा नव्हता. बसवत नव्हतं, एवढंच. घरी येऊन कमलला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि वाढायला घेतलेलं ताट परत ठेवलं.

"आधी गंगम्मांना सांगून या. मग जेवा."

गंगम्मा खाली सोप्यात तुरीची डाळ पाखडत होत्या. अप्पा मोंढ्यात होते. काय सांगायचं ते मी जिन्यात पाठ करून आलो होतो, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

"आक्का, ते औषध नव्हतं. बिघडलं होतं. गूळ आंबला होता."

"आंबला म्हंजे?"

"म्हणजे त्याची... दारू झाली होती. मला कळलं नाही."

सूप हातातच राहिलं. त्यांचा दुसरा हात गळ्यातल्या लिंगापाशी गेला आणि तिथं पोचायच्या आधीच थांबला, जणू तो हात आता तिथं लावायचा की नाही, असा प्रश्न पडला होता.

"पूजा करून पेत हुते मी," त्या म्हणाल्या. "लिंग हातात घेऊन उठले, की पयलं तेच घेत हुते."

मी उभा होतो. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ह्यांना सांगू नका सर. ह्यांना सोसायचं न्हाई." असं म्हणून त्या उठल्या आणि भिंतीला धरून आत गेल्या. मी माडीवर आलो. थोड्या वेळानं मागच्या न्हाणीतून पाण्याचा आवाज आला. जानेवारीची थंडी होती. दुपार कलली होती. घागरीमागून घागर, बाई अंगावर पाणी ओतत होत्या. आवाज थांबेचना. कमल खिडकी लावायला उठली आणि लावली नाही.

बाटल्या मी मोरीत ओतल्या. हमाल दोन-तीन दिवस येऊन विचारून गेले. त्यांच्याइतका मनापासून शोक त्या प्रकल्पाचा दुसऱ्या कोणी केला नाही.

इथं हे संपायला हवं होतं. पण अप्पांना काही माहीत नव्हतं. पोलिसांनी धरलेला आणि सन्मानानं सोडलेला आपला भाडेकरू हा त्यांच्या अभिमानाचा विषय झाला होता. शिवरात्रीला मठात कार्यक्रम होता. अप्पांनी मला न विचारता माझा सत्कार ठेवला. मी नाही म्हणालो, तर त्यांना तो विनय वाटला. ताप आलाय म्हणालो, तर त्यांनी रिक्षा पाठवली.

व्यासपीठावर शाल आली, नारळ आला. अप्पांनी दारूच्या दुष्परिणामांवर थोडं बोलून घेतलं आणि मग, ज्यांनी स्वतःच्या घरात निरपेक्षपणे औषध तयार करून कित्येकांचं दुखणं हलकं केलं, अशा शब्दांत माझी ओळख करून दिली. बायकांच्या पहिल्या रांगेत गंगम्मा होत्या. खाली पाहत होत्या. मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

गंगम्मांचा शब्द मोडता येत नव्हता आणि शाल पांघरून गप्पही बसवत नव्हतं. मी म्हणालो, "मी या सत्काराला लायक नाही."

टाळ्या.

"खरंच सांगतो. मला औषधातलं काही कळत नाही. मी दिलं ते औषध नव्हतंच. कोणीही ते पुन्हा घेऊ नये."

आणखी टाळ्या. मागून दत्तराव ओरडले, "याला म्हणतात विनय!"

"मी चुकलो आहे हो," मी जवळजवळ ओरडलोच. "मी लोकांना फसवलंय!"

आता मात्र माणसं उभी राहिली. अप्पांनी माईक ओढून घेतला. "बगा," ते म्हणाले, "खरा विद्वान असा असतो." मी नारळ हातात धरून उभा होतो. समोर टाळ्या वाजवणारी दोन-तीनशे माणसं आणि त्यांच्यात हात मांडीवर ठेवून बसलेली एक बाई. मी खरं बोलतोय, हे फक्त तिला कळलं होतं. तिनं मान वर केली नाही.

त्यानंतर गंगम्मांचे गुडघे पुन्हा धरले, पहिल्यापेक्षा जास्त. "सर, तुमीच काहीतरी द्या," अप्पा म्हणाले. मी म्हणालो, आता फक्त परभणीचा हाडांचा डॉक्टर, आणि मी स्वतः घेऊन जातो. गुळाचा हंगाम चालू होता, अप्पांना मोंढा सोडता येत नव्हता. कमल सोबत येते म्हणाली.

सकाळच्या गाडीत गंगम्मा खिडकीशी बसल्या, शेजारी कमल आणि मी समोरच्या बाकावर, तोंड त्यांच्याकडं. त्या न्हाणीतल्या दुपारपासून त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आताही बाहेर बघत होत्या. मी त्यांची पिशवी मांडीवर धरून होतो. कमलनं विषय काढून पाहिले, तेही विझले.

वाटेत झरीला गाडी बराच वेळ थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला. गंगम्मांनी माझ्या मांडीवरची पिशवी ओढून घेतली, आतलं फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकरी होत्या, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. एक भाकरी कमलच्या हातावर ठेवली. एकीचा तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. मग उरलेली भाकरी ठेच्यासकट माझ्यापुढं धरली.

"नको आक्का," मी म्हणालो. "भूक नाही."

"खा," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "मी खाऊन बगितलंय. आपुन खाल्ल्याबगर मी दुसऱ्याला देत नसते."

मी भाकरी घेतली. ठेचा फार तिखट होता, ते एक बरं झालं.